येणार नाही, असं मंत्री म्हणाले

बोलावलेला माणूस येणार की नाही, हे मंत्री त्याच्या हाताकडे बघून सांगत. लग्नाची पत्रिका पुढे केली की काही जण आधी ओला हात पुसतात; ते येतात. काही जण पत्रिका उघडतात आणि थेट खाली निमंत्रकांची नावं वाचायला लागतात. "तो आपलं नाव शोधतोय," मंत्री म्हणत. "नाव नसेल तर येणार नाही. असेल तर येईल, पण मंगलाष्टकं संपल्यावर, सगळ्यांनी बघावं म्हणून." पत्रिका फ्रिजवर टाकणारा येतो आणि देवाजवळ नेऊन ठेवणारा येत नाही, हा तर त्यांचा लाडका सिद्धान्त होता. देवाजवळ ठेवली म्हणजे देवावर सोपवली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या देव्हाऱ्यात तेव्हा एक-दोन पत्रिका होत्याच. मी घरी जाऊन त्या गुपचूप फ्रिजवर ठेवल्या. त्या लग्नांना मी गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

भाईंदरजवळच्या हाटकेशला आमच्या सोसायटीत मंत्री माझ्या समोरच्या दारात राहत. पाटीवर त्यांचं आडनाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वापरत नसे. जगातल्या कुठल्याही देशाचं नाव काढा, ह्यांचं मत तयार. म्हणून कुणीतरी त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणालं आणि मग परराष्ट्र गळून नुसते मंत्री उरले. नोकरी झाली फोर्टातल्या एका कंपनीत, आवक-जावकच्या टेबलावर. लालबागची खोली विकून इकडे आले तरी भावकीत लग्न निघालं की आमंत्रणं करायचं काम त्यांच्याकडेच असे. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेल्या पत्रिका, खिशात अक्षतांची पुडी, आणि सगळी घरं फिरून झाली की आचाऱ्याला ताटांचा अंदाज. मंत्र्यांनी अंदाज दिला तर जिलबी उरत नाही आणि कमीही पडत नाही, असं लोक म्हणत. आता त्या दाराला कुलूप आहे. मंत्री काशीगावला चुलतभावाकडे असतात आणि कुणी देशांचं काही बोलायला लागलं तर उठून आत जातात, असं ऐकते.

गेल्या थंडीत एका बड्या देशाने जगात शांतता नांदावी म्हणून एक नवंच मंडळ काढलं आणि देशोदेशी आमंत्रणं धाडली. कोण जाणार, कोण नाही, यावर टीव्हीवर रोज माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली. मंत्र्यांना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या विद्येच्या तोलामोलाचं कार्य मिळालं होतं. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून स्टीलच्या भांड्यांचा एक गाळा आहे. त्यातलं पॉलिशचं मशीन संध्याकाळी थांबलं की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. तेव्हा वॉचमनच्या केबिनजवळच्या बाकावर मंत्र्यांची सभा भरे. पहिल्या मजल्यावरचे शहाभाई रोज एक नवा देश घेऊन येत. "मंत्रीजी, ये बर्फवाला देश जायेगा क्या?"

"नहीं जायेगा," मंत्री म्हणत. "उसने क्या पूछा? और कौन कौन आनेवाला है. जो ये पूछता है ना शहाभाई, वो कभी नहीं आता."

मंत्री देशांची नावं घेत नसत. प्रत्येकाला त्यांनी भावकीतलं एकेक नातं देऊन टाकलं होतं, त्यामुळे मीही नावं घेत नाही. तेलाच्या पैशावर बसलेला वाळवंटातला एक देश म्हणजे ठाण्याचे मेहुणे: सगळ्यांच्या आधी येणार, दणदणीत आहेर आणणार आणि फोटोत मधोमध उभे राहणार. युरोपातला एक शिस्तीचा देश म्हणजे पुण्याची वहिनी: तोंडभरून कौतुक करणार, कार्यक्रमाची रूपरेषा मागवून घेणार आणि नेमकं त्याच दिवशी तिचं डोकं दुखणार. नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल असा एक बेटांचा देश म्हणजे विरारची मावशी. आपल्याला कुणी बोलावलं याचंच तिला इतकं अप्रूप की ती आदल्या दिवशीच येऊन लसूण सोलायला बसणार. मेहुणे गेले. मावशी गेली. वहिनीने लांबूनच शुभेच्छा पाठवल्या. ह्या सगळ्यात शांतता कुठे येते, असं मी एकदा विचारलं. "लग्नात नवरा-नवरीकडे कोण बघतं, शुभाताई?" मंत्री म्हणाले.

त्यांचं भविष्य फुकट असे आणि न मागता मिळे. ते खरं ठरे, हीच त्यातली वाईट गोष्ट. त्याआधीच्या दिवाळीत शहाभाई बाकावर हसत आले. मुलगा कॅनडात असतो, त्याचा फोन आला होता, तो येणार होता. "क्या बोला?" मंत्र्यांनी विचारलं. "बोला, पपा, मैं आऊं तो आपको चलेगा ना?" मंत्री जराही थांबले नाहीत. "नहीं आयेगा. आनेवाला तारीख बोलता है, परमिशन नहीं मांगता." शहाभाईंनी तरी घराला रंग काढला आणि मुलासाठी नवी गादी आणली. मुलगा आला नाही. भाऊबीजेला मंत्री त्यांच्याकडे फराळाला गेले, नवी गादी हाताने दाबून बघितली आणि म्हणाले, "अच्छी है. अब आप ही सो जाओ इस पे." शहाभाई हसले. मी तिथेच होते, आणि ते हसू मला आजही सहन होत नाही.

मलाही त्यांनी सोडलं नाही. आईच्या वर्षश्राद्धाला माझा भाऊ नाशिकहून येणार होता. तो 'बघतो, जमवतो' म्हणाला, हे बोलता बोलता माझ्या तोंडून निसटलं. "एक ताट कमी करा," मंत्री म्हणाले. मला इतका संताप आला की मी मुद्दाम एक वाढवलं. भाऊ आला नाही. वाढलेल्या ताटासमोरचा तो रिकामा पाट मला बघवेना. तेवढ्यात मंत्री आले, त्या पाटावर बसले आणि खीर मागून मागून घेत पोटभर जेवले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. "मला बोलवावं लागत नाही," हात धुताना ते म्हणाले. "मी येणारा माणूस आहे." त्या दिवसापासून मला त्यांचा राग सलग धरता आला नाही. माणूस आवडायला लागला की फार पंचाईत होते.

मात्र त्यांचं एक वाक्य मला पहिल्यापासून खुपत असे. "जो येणार नाही त्याला बोलवायचंच नाही. न येण्याचा मान त्याला फुकट कशाला द्यायचा?" बाकावर ह्या वाक्याला हमखास दाद मिळे. देशांना ते लावलं की चतुर वाटे. पण मंत्री ते घरातही लावत, आणि घरात ते लागू होत होतं एकाच माणसाला: त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, वैशूला.

वैशू भाईंदरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिने नेल्सनशी लग्न करायचं ठरवलं. नेल्सन भाईंदरच्या पलीकडे समुद्रकाठी असलेल्या उत्तनचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, शांत मुलगा. मंत्री जातधर्माबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ते म्हणाले, "ती माणसं रीतसर मागणी घालायला येणार नाहीत. लिहून ठेव." एका रविवारी नेल्सन आणि त्याची आई मिठाई घेऊन आली. मंत्र्यांनी त्यांना गॅलरीतून गेटमध्ये शिरताना पाहिलं, दाराला आतून कडी घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मायलेक बराच वेळ बेल वाजवत उभी राहिली. शेवटी मी त्यांना माझ्याकडे बसवून पाणी दिलं. संध्याकाळी मंत्री बाकावर सांगत होते, "आले का मागणी घालायला? मी म्हटलं होतं."

वैशू घर सोडून निघाली त्या दिवशी मंत्री जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी शपथ घातली. "माझ्या तोंडून बोलावणं आल्याशिवाय तू हा उंबरठा ओलांडलास, किंवा तुम्ही मायलेकी एकमेकींशी फोनवर जरी बोललात, तर माझं मेलेलं तोंड बघाल." अशा शपथा आपल्याकडे लहान मुलंही खेळताना घालतात. घालणारा 'सुटली' म्हणाला की दुसरा मोकळा. पण ते घालणाऱ्यानेच म्हणावं लागतं, एवढा एकच नियम. मंत्र्यांनी ते म्हटलं नाही. आणि मंत्र्यांच्या घरातल्या बायका शपथ पाळणाऱ्या होत्या.

काकू, म्हणजे मंत्र्यांच्या बायको, तशा बुजऱ्या नव्हत्या. "ह्यांना सगळ्या जगाचं कळतं, भाईंदरच्या पलीकडचं तेवढं कळत नाही," असं त्या भाजी निवडता निवडता चांगलं मोठ्याने म्हणत. मंडळाची आमंत्रणं सुटली त्याच सुमारास त्यांचं यकृताचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ते का सांगतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, काकूंनाही होतं. त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला. त्यांनी काही मागितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "एकदा वैशूला बघितलं असतं, म्हणजे झालं होतं."

मी लगेच मोबाईल काढला. "मी लावते फोन. तुम्ही बोलूसुद्धा नका, मी बोलते."

काकूंनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं वाटलं नव्हतं. "तू बोलावलंस आणि ती आली, तर? शपथ आहे, शुभा. मी तर जाणारच आहे. जाता जाता ह्यांना सोबत नेऊ का?"

पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता उत्तनला गेले. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. घरापुढे काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि नेल्सनची आई त्यांच्यावरचे कावळे हाकत बसली होती. मला पाहताच ती उठली. "बरं झाला तुमी आले. ती धड जेवत न्हाय. आमी रोज सांगतो, जा बाय, आईला बघून ये. ती जात न्हाय." आत वैशू होती. पलंगाखाली एक भरलेली बॅग होती. आईचं कळल्यापासून ती भरून ठेवलीय, असं नेल्सनने सांगितलं.

"मावशी, मी आले आणि बाबांना काही झालं, तर आईचं कुंकू मी पुसलं असं होईल," वैशू म्हणाली. "ती आधीच एवढी आजारी आहे. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला हे देऊ? बाबांनी नुसतं 'ये' म्हणू दे. जास्त काही नको. मी दुसऱ्या मिनिटाला रिक्षात असेन."

परतीच्या बसमध्ये मला रडूही येईना, इतका राग आला होता. आई नवऱ्याचा जीव जपत होती, मुलगी आईचं कुंकू जपत होती. दोघी मिळून एकाच माणसाला सांभाळत होत्या, आणि तो माणूस बाकावर बसून म्हणत होता, बघा, आई मरायला टेकलीय तरी आली का?

घरी न जाता मी त्यांना जिन्यातच गाठलं. सगळं सांगितलं. बॅगेचंही सांगितलं. "बॅग भरून ठेवलीय?" मंत्री म्हणाले. "म्हणजे येणार नाही. येणारा माणूस बॅग भरत बसत नाही, येतो."

"अहो, तुम्ही शपथ घातलीय तिला!"

"शपथ मोडता येते की. लोक रोज मोडतात. तिला मोडायची नाहीये, कारण तिला यायचं नाहीये." मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "शुभाताई, माझा अंदाज अजून एकदाही चुकलेला नाही." तेव्हा मला कळलं की मुलगी येणार नाही याचं ह्या माणसाला दुःख नाही. ती आली तर काय, याची धास्ती आहे. आपण चुकलो असं त्याला सगळ्या भावकीसमोर, सगळ्या सोसायटीसमोर कबूल करावं लागेल. त्या बाकावर ह्या न चुकण्याशिवाय त्याचं दुसरं काहीच नव्हतं.

मंडळाचा मोठा समारंभ जवळ आला होता. त्या दिवशी सगळे पाहुणे देश एकत्र बसून सह्या करणार होते. एका देशाचं काही ठरत नव्हतं. एके काळी मोठा रुबाब असलेला, आता जुन्या कोटावर मान मागणारा हा देश म्हणजे भायखळ्याचे काका. "जाणार नाहीत," मंत्री हॉलमध्ये टीव्हीसमोर शहाभाईंना सांगत होते. "त्यांना आमंत्रण दुसऱ्याच्या हाती पाठवलं. वर त्यांच्या वैऱ्याला पुढची खुर्ची दिली. भायखळ्याचे काका मेले तरी जाणार नाहीत." मी काकूंना चमच्याने पाणी देत होते. काकूंनी चमचा बाजूला केला.

"जातील," त्या म्हणाल्या.

मंत्री वळले. इतक्या वर्षांत काकूंनी कुठल्या देशाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. "काय म्हणालीस?"

"भायखळ्याचे काका जातील. लावा पैज. ते गेले तर तुम्ही शपथ सुटली म्हणायचं."

"आणि नाही गेले तर?"

"तर मी पोरीचं नाव पुन्हा तोंडातून काढणार नाही."

मंत्र्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, जे बाकावर येत असे. "लागली," ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले. मी काकूंच्या कानाशी वाकले. "काकू, तुम्हाला काय माहीत आहे त्या देशाचं?" "काही नाही गं," काकू म्हणाल्या. "पण कुणीतरी एकदा रुसलेलं असून गेलं पाहिजे ना."

पैजेची गोष्ट सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. ज्यांना तो देश नकाशात दाखवता आला नसता, त्या बायका संध्याकाळी दिवा लावताना त्याला सुबुद्धी दे म्हणून हात जोडू लागल्या. शहाभाईंनी देरासरात जाऊन प्रार्थना केली. नवघरच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सरांना मी मधल्या सुट्टीत गाठून विचारलं, हा देश कधी नमतं घेतो का हो? त्यांनी मला त्या देशाच्या लढाया सांगितल्या. काकूंना आता बसता येत नव्हतं, पण त्या दर थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत आणि विचारत, "काकांचं काही?" मंत्री त्यांचं अंथरूण बदलत, पाय चेपत, औषध वेळेवर देत. त्यात ते कधी चुकले नाहीत. एकदा पाय चेपत असताना मी म्हटलं, "सोडा ना ती पैज. आत्ता म्हणून टाका, सुटली." ते म्हणाले, "पैज ती पैज. मोडायची कशी?" शपथ मोडता येते म्हणणारा हाच माणूस.

समारंभाच्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये होतो. टीव्हीवर लांबलचक टेबल होतं. ठाण्याचे मेहुणे मधोमध होते. विरारची मावशी अगदी कडेला, पण नवी साडी नेसून आल्यासारखी खूश. एकेक जण उठून सही करत होता. मग निवेदिकेने सांगितलं की अमुक देशाने समारंभाला शुभेच्छा कळवल्या आहेत, मात्र मंडळात सामील होण्याचा त्यांचा तूर्तास विचार नाही.

मंत्र्यांनी मांडीवर थाप मारली. "नाही गेले! म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं की नाही मी?" त्यांना खरोखरचा आनंद झाला होता. दाद घ्यायला त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. शहाभाईंनी मान खाली घातली. शेवटी मंत्र्यांनी काकूंकडे बघितलं.

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या. "तो टीव्ही बंद करा आता."

काकूंनी शब्द पाळला. शेवटी शेवटी त्या भ्रमात बरंच बोलत; माहेरच्या विहिरीचं, लालबागच्या शेजारणींचं, गणपतीच्या मोदकांचं. मी कान देऊन बसत असे. एवढ्या बोलण्यात त्यांनी वैशूचं नाव एकदाही घेतलं नाही. भ्रमातही माणूस इतका सावध राहू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

काकू सकाळी गेल्या. मी कुणाला न विचारता आधी उत्तनला फोन लावला. "निघाले," एवढंच म्हणून वैशूने फोन ठेवला. जपायला आता कुंकू उरलं नव्हतं. जमलेल्या बायका म्हणत होत्या, भाग्याची हो, सवाष्ण गेली. खाली तिरडी बांधून झाली, काकूंना हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून आणलं. मग अशा वेळी जो प्रश्न विचारतात, तो काशीगावच्या चुलतभावांनी विचारला. "कुणी यायचं राहिलंय का?"

"कुणी नाही," मंत्री म्हणाले.

"वैशू निघालीय!" मी म्हटलं. "रिक्षात आहे. माझं बोलणं झालंय."

"ती येणार नाही."

शहाभाई पुढे झाले. मंत्र्यांना उलट बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मंत्रीजी, थोडा रुकते हैं ना. बेटी है."

मंत्र्यांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "आप भी रुके थे, शहाभाई. नयी गादी ला के. आया कोई?"

शहाभाई मागे सरले ते गाळ्याच्या भिंतीला जाऊन टेकले. मी ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. पण बायकांचं ओरडणं अशा वेळी रडण्यात जमा होतं. माणसं माझ्याकडे बघत होती, मग मंत्र्यांकडे बघत होती. कुणाच्याही आठवणीत मंत्री चुकलेले नव्हते. चौघांनी खांदा दिला, आणि शववाहिनी गेटबाहेर पडली.

वैशू आली तेव्हा मी गेटवरच उभी होते. खाली सांडलेली फुलं बघून ती काय ते समजली. मी तिला रिक्षातून उतरू दिलं नाही, स्वतःच आत चढले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "स्मशान ले लो, भैया, जल्दी." गोल्डन नेस्टच्या चौकात अडकलो. वैशू बॅग मांडीवर घेऊन बसली होती. आईला भेटायला भरलेली ती बॅग तिने निघताना सवयीने उचलली असावी.

आम्ही पोहोचलो तेव्हा चितेने पेट घेतला होता. मंत्री सगळ्यांच्या पुढे उभे होते. कुणीतरी हळूच "वैशू" म्हणालं आणि ते वळले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. किती देश आले, किती गेले, पण हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आलीस?" ते म्हणाले.

"आले, बाबा." वैशूचा आवाज अगदी साधा होता. "आता शपथ सुटली म्हणा."

"सुटली," मंत्री घाईघाईने म्हणाले. "सुटली, बाळा. सुटली."

"मला नका सांगू," वैशू म्हणाली. "आईला सांगा."

ते चितेकडे वळले आणि सांगू लागले. लाकडं तडतडत होती, म्हणून ते मोठ्याने सांगू लागले. चुलतभावांनी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. वैशूने लांबूनच एकदा नमस्कार केला, बॅग उचलली आणि वडिलांकडे न बघता ती बाहेर चालू लागली. मी तिच्यामागून निघाले. रिक्षा सुरू होईपर्यंत मंत्र्यांचा आवाज ऐकू येत होता.